हिमस्तरांचे मापन : रडार आणि भूकंपीय पद्धतींचे मूल्य

हिमस्तराची जाडी प्रत्यक्ष मोजली जात नाही. मोजला जातो तो काळ. तरंगाला तळापर्यंत जाऊन परत येण्यास लागलेल्या काळाला त्याच्या वेगाने गुणून निम्मे केले म्हणजे जाडीचा आकडा मिळतो. नकाशावर मात्र हे अनुमान निरीक्षणाच्या थाटात वावरते. दोन्ही पद्धतींची चिकित्सा येथूनच सुरू व्हावयास हवी.

गॉर्डन रॉबिन ह्यांनी १९४९–५२ च्या नॉर्वेजियन-ब्रिटिश-स्वीडिश मोहिमेत स्फोटजन्य तरंगांनी अंटार्क्टिकातील बर्फाचा वेध घेतला. ही पद्धती कष्टाची. प्रत्येक स्थळी थांबावे लागते. पुढे १९६० नंतरच्या दशकात केंब्रिजच्या स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्थेत स्टॅन्ली इव्हान्स प्रभृतींनी रेडिओ-प्रतिध्वनी यंत्र सिद्ध केले आणि विमानातून सलग छेद मिळू लागले. साहजिकच भूकंपीय पद्धती कालबाह्य ठरली, असा समज होण्याचा संभव आहे.

व्होस्टोक सरोवराचा इतिहास ह्या समजाला छेद देतो. रडारच्या सपाट, प्रखर प्रतिध्वनीवरून बर्फाखाली पाणी असल्याचे सूचित झाले. परंतु रेडिओतरंग पाण्यात खोलवर शिरत नसल्याने त्याची खोली अज्ञातच राहिली. आंद्रेई कापित्सा ह्यांनी व्होस्टोक येथे १९५९ व १९६४ मध्ये घेतलेल्या भूकंपीय नोंदींत ते उत्तर दडलेले होते. त्या काळी मात्र त्यांत सरोवर वाचले गेले नाही. कापित्सा, रॉबिन आदींनी १९९६ मध्ये त्यांचे पुनर्वाचन करून सुमारे ५०० मीटर खोल जलाशय दाखविला.

येथे वेगाच्या गृहीताचे महत्त्व स्पष्ट होते. तरंगाला ५०० मीटर पाण्यातून जाऊन-येऊन सुमारे ०.७ सेकंद लागतो. बर्फातील सेकंदाला सुमारे ३८०० मीटर हा वेग लावल्यास तेवढाच काळ १३०० मीटरांहून अधिक जाडी दर्शवील. नोंद एकच, अर्थ दोन.

सारांश, रडार विस्तार देते, तर भूकंपीय पद्धती तळाखालील द्रव्याचा स्वभाव सांगते. तळ ओला आहे की कठीण, ह्यावर हिमस्तराची गती अवलंबून असते. आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात समुद्रपातळी सुमारे ५८ मीटरांनी वाढविण्याइतके पाणी साठलेले आहे. अशा प्रश्नात एकाच साधनावर विसंबणे शास्त्रीय विवेकाला धरून होणार नाही. जुन्या नोंदी जपून ठेवणे हे म्हणूनच संशोधनाचेच अंग मानावे लागते.