सुरात लावलेली गुहा

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या ल्युरे इथे तिकीट काढून पाहायची चुनखडीची गुहा आहे. तिथे लेलँड स्प्रिंकल यांनी १९५६ साली एक अजब ऑर्गन पुरा केला. पट्टी दाबली, की रबरी हातोडी छतातून लोंबणाऱ्या स्टॅलॅक्टाइटवर आपटते आणि चक्क दगड गातो! कल्पना झकास आहे. पण हवा तो सूर मिळावा म्हणून हे दगड घासले आहेत, ते मात्र खटकते. ठिबकत्या पाण्यातले कॅल्शियम कार्बोनेट साचून स्टॅलॅक्टाइट वर्षाला साधारण दशांश मिलिमीटर वाढतो. सेंटिमीटरभर घासले, तर किती वर्षे गेली? ध्वनीच्या पाठात हे वाद्य सांगताना एवढा हिशेबही मुलांकडून करून घ्यावा.