निजाम पडला, पण कुणावर?

आमच्या निलंग्यात जुन्या माणसांना वय विचारलं की ते सन सांगत नाहीत. "रझाकारीत मी पाळण्यात होते," असं माझी आजी सांगते. तिच्या आईनं तिला कडेवर घेऊन घर सोडलं होतं. बरेच लोक तेव्हा हद्दीपलीकडं, बार्शी-सोलापूरकडं गेले.

जॉन झुब्रझिकी यांचं 'द लास्ट निझाम' (२००६) मी पुण्यात, कंपनीच्या बसमध्ये फोनवर वाचलं. पुस्तक मुकर्रम जाह यांचं आहे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान हे त्यांचे आजोबा. आई शेवटच्या उस्मानी खलिफाची मुलगी. त्या घराण्याला १९२४ मध्येच तुर्कस्तान सोडावं लागलं होतं. मुकर्रम १९६७ मध्ये आठवे निजाम झाले, १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. मग पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचं कुरण, कर्ज, कोर्टकचेऱ्या आणि शेवटी तुर्कस्तान.

हा भाग लेखकाला छान जमलाय. दरबारापेक्षा बुलडोझरच्या इंजिनात रमणारा हा माणूस मला आवडला. माझी इंजिनिअरिंगची डिग्री कधीतरी कामाला आली म्हणायची.

पण पुस्तक संपवताना जीव हळहळतो, तो कशासाठी? हिरे गेले, हवेल्या गेल्या यासाठी. मला तिथंच खटकलं.

रशियात क्रांती झाली आणि १९१८ मध्ये झारच्या अख्ख्या कुटुंबाला गोळ्या घातल्या. हैदराबादेत काय झालं? १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा आत शिरल्या, १७ तारखेला निजामानं माघार घेतली. त्यानंतर तेच उस्मान अली खान १९५० मध्ये भारतीय संघराज्यातल्या हैदराबादचे राजप्रमुख झाले, १९५६ पर्यंत राहिले. वर्षाला तनखा ५० लाख रुपये. आमच्याकडं याला पडणं नाही, बदली म्हणतात.

खरं पडलं ते गावांवर. निलंगा तालुका तेव्हा बीदर जिल्ह्यात होता. आधी रझाकारांनी लुटलं, मारलं. पोलीस ॲक्शननंतर सूड उगवला गेला तो बहुतेक साध्या मुसलमान कुटुंबांवर. राजवाड्याला कुणी हात लावला नाही. नेहरू सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा सावध अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा आहे. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, नांदेड आणि आमचा बीदर.

राजघराण्याचं चरित्र म्हटल्यावर लेखक राजवाड्यातच राहणार, हे समजू शकतो. पण दर १७ सप्टेंबरला आपण जी भाषणं ऐकतो, तीही झेंडा वर गेला की संपतात. रझाकारांचे अत्याचार सांगायलाच हवेत. पुढचं पान मात्र आपणही उलटत नाही. एका गोष्टीत निजामाचे दागिने मोजले जातात, दुसरीत आपला विजय. गावात मेलेल्या सगळ्यांची मोजणी दोन्हीकडं राहून जाते.

पुस्तक जरूर वाचा. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा.

मी बसलो. आजीची आई परत आली तेव्हा आमचं घर उभं होतं, शेजारचं रिकामं होतं. कुणाचं, ते आजी नावानिशी सांगते. ते लोक कुठं गेले विचारलं, तर म्हणते, "चहा घे, गार होतोय."