हक्क, कर्तव्य आणि दुनळी

चिंचवडच्या चाफेकर चौकात उभं राहून बंदुकीविरुद्ध बोलायचं, म्हणजे मोरया गोसावींच्या देवळात मोदकाविरुद्ध बोलण्यासारखं आहे. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडणाऱ्यांचं हे गाव. तरीही आमच्याकडे निवडणूक आली, की गावठी कट्ट्यांविरुद्ध भाषणं होतातच. त्यांची पद्धत ठरलेली. आधी आयाबहिणींचा उल्लेख, मग आवाज कापतो, मग मूठ आवळली जाते. टाळ्या पडतात. शेवटी वक्त्याचा सत्कार होतो आणि त्याच्या हातात देतात काय, तर तलवार!

म्हणून मला याच विषयावरचं एक जुनं भाषण फार आवडतं. शस्त्रं बाळगण्याच्या हक्काची मागणी आपल्याकडे अपमानातून आली होती. १८७८च्या कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि युरोपियनाला सूट! १९३१च्या कराची काँग्रेसनं नियमांच्या अधीन राहून हा हक्क प्रत्येक नागरिकाला हवा, असा ठरावच केला. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामथांनी घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली आणि उत्तराला उभे राहिले डॉ. आंबेडकर.

त्यांनी ना आवाज कापवला, ना मूठ आवळली. आधी कराचीच्या ठरावाचं कारण मान्य केलं : परकं सरकार हक्क नाकारत होतं. मग म्हणाले, ती परिस्थिती आता उरली नाही. पुढे साधं चित्र उभं केलं : वाटेल त्यानं बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार विकत घेतलं, तर राज्य चालायचं कसं? कामथ म्हणाले, नियमनाची तरतूद आहे की! त्यावर आंबेडकरांनी ‘नियमन’ हा शब्दच सोलून दाखवला. नियमन म्हणजे अटी. पण अटींनी हक्कच नाहीसा करता येत नाही.

हा मुद्दा आम्हा बँकवाल्यांना लगेच पटतो. खातेदाराला स्लिप भरायला लावा, टोकन द्या, सही जुळत नाही म्हणून दोनदा परत पाठवा. पण ‘पैसे मिळणारच नाहीत’ ही अट कुठल्याही मॅनेजरला घालता येत नाही.

शेवटी मात्र बाबासाहेबांनीही वकिली डाव टाकला. शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा, संकटात राज्यासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा आग्रह धरा, म्हणाले. वाक्य टाळीचं खरं. पण चाफेकरांच्या गावचा माणूस विचारणारच, की राज्यच बिघडलं तर? कर्तव्याच्या वाक्यात याचं उत्तर नाही. ते आधीच्या मुद्द्यात आहे. रँडला मत देऊन घालवण्याची सोय नव्हती. आताच्या राज्यकर्त्यांना ती आहे. परिस्थिती बदलली ती इथे.

कामथांची दुरुस्ती फेटाळली गेली. आज आमच्या शाखेच्या दारात एक रखवालदार दुनळी घेऊन बसतो, तीही परवान्याची. आत शंभर माणसं निर्धास्त भांडतात, ती आपल्या हाती काही नाही म्हणूनच.

घटनेच्या एकोणिसाव्या कलमात सभेचा हक्क मिळाला, तोही शांततेनं आणि विनाशस्त्र जमण्याचा. आमच्या सत्कार समित्यांनी तलवारीची ऑर्डर देण्याआधी ते कलम एकदा वाचावं. नारळ स्वस्तही पडतो.