रूढीचा कायदा : स्टीलचा संग्रह आणि महजराचा कागद

आर्थर स्टील याचा दक्षिण प्रांतांतील हिंदु जातींचे कायदे व रूढी यांविषयींचा इंग्रजी सारसंग्रह १८२७ सालीं सरकारी हुकुमानें छापला गेला व १८६८ सालीं लंडन येथें पुन्हां निघाला. जातींच्या चालीरीतींविषयीं विधान करावयाचें झालें कीं अद्यापि त्याचा हवाला देण्यांत येतो. ग्रंथ परिश्रमपूर्वक रचिलेला आहे, यांत वाद नाहीं. परंतु तो ज्या कामासाठीं रचिला तें काम लक्षांत न घेतां त्यास पेशवाईंतील न्यायाचा आरसा समजणें आमच्या मतें चुकीचें आहे.

तें काम कोणतें? १८२७ च्याच चौथ्या रेग्युलेशनाच्या २६ व्या कलमानें न्यायाधीशास क्रम घालून दिला. प्रथम पार्लमेंटचे व सरकारचे कायदे. ते नसतील तेथें दावा उद्भवला त्या मुलखाची वहिवाट. तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि कांहींच नसेल तर न्याय, समता व सदसद्विवेक. वहिवाटीस मान मिळाला खरा, पण परक्या न्यायाधीशास ती कळावी कशी? ही अडचण एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत आधींच ओळखली गेली होती. म्हणून शास्त्री व जातींचे प्रमुख यांस प्रश्न घालून उत्तरें मिळविलीं व तीं विषयवार मांडलीं. “तुमच्यांत पाट चालतो काय?” असें विचारल्यावर प्रमुखानें एक सरळ नियम सांगून मोकळें व्हावें, हें स्वाभाविकच होय.

आतां महजर पाहावा. तेथें कोणी कोणास नियम विचारीत नाहीं. अमुक गांवची पाटिलकी कोणाची, एवढाच प्रश्न असतो. अग्रवादी व पश्चिमवादी यांच्या तकरिरी होतात, वंशाचा करीना लिहून घेतात, निवाडा मान्य करूं म्हणून राजीनामा व जामीन घेतात. मग गोत बसतें : देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार. सहीच्या जागीं पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू. गोताविषयीं संशय आला तर वादी दुसरें थळ मागे. साक्षीपुराव्यानें उलगडा न झाला तर प्रसंगीं दिव्य होई. हरला तो येजितखत लिहून देई. रूढी या सर्व खटाटोपांत मुरलेली असते. वेगळी काढून दाखवावी अशी ती क्वचितच सांपडते.

याचा अर्थ जुनी पद्धति निर्दोष होती असा नव्हे. तापल्या तेलांतून रवा काढावयास लावणें हा न्याय म्हणवत नाहीं, आणि जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेणारें सरकार निरिच्छ होतें असेंही कोणी म्हणूं नये. वि. त्र्यं. गुणे यांच्या १९५३ सालच्या इंग्रजी ग्रंथानें महजर व निवाडपत्रें यांच्या आधारें ही पद्धति साक्षेपानें उलगडली आहे. स्टील वाचणारानें तो शेजारीं ठेवावा.

खरा पालट झाला तो माणसांच्या भूमिकेंत. १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनान्वयें सनद घेतलेला वकील कोर्टांत उभा राहिला. गोतापुढें वादी स्वतःची हकीकत सांगे. वकिलास दाखला हवा असतो, आणि दाखला छापील असेल तर उत्तम. काल जो गोतांत बसून निवाडा करीत होता तो आज पिंजऱ्यांत उभा राहून रूढीची साक्ष देऊं लागला. १८६८ मध्यें, म्हणजे स्टीलचा ग्रंथ पुन्हां छापला त्याच सालीं, मदुरेच्या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलानें स्पष्ट सिद्ध झालेली वहिवाट शास्त्रवचनाहून बलवत्तर ठरविली. ‘सिद्ध झालेली’ हे शब्द लहान नव्हेत. रूढीवर पुराव्याचा बोजा पडला. पुढें १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें वारशाच्या बाबतींत रूढी बहुतांशीं बाजूस सारली, तर १९५५ च्या विवाह कायद्यानें रूढीनें मिळणारा काडीमोड राखून ठेवला.

आमची तक्रार स्टीलविरुद्ध कमी व संग्राहकांविरुद्ध अधिक आहे. शिक्कामोर्तबाचा लांबलचक महजर आदरानें जपावयाचा आणि त्याच रुमालांतील तकरिरी, जामीनकतबे, थळपत्रें किरकोळ म्हणून वेगळीं काढावयाचीं किंवा विकावयाचीं, ही चाल फार दिसते. महजर निकाल सांगतो. निकाल कसा लागला, कोणती रूढी कोणी पुढें केली व कोणी नाकारली, हें त्या किरकोळ चिटोऱ्यांतच असतें. रुमाल सोडतांना निदान कागदांचा मूळ क्रम टिपून ठेवावा, आणि एका वादाचे कागद दोन संग्रहांत वाटून देऊं नयेत.