आभासी उड्डाण आणि वैमानिकाची खुर्ची

आभासी वास्तवाच्या तंत्राने, म्हणजे डोळ्यांवर चढवलेल्या हेडसेटमध्ये मान वळेल तसे दृश्य वळवणाऱ्या तंत्राने, दुसऱ्या महायुद्धातील विमानांचे उड्डाण घरबसल्या अनुभवता येऊ लागले आहे. मात्र या नव्या कलेने वारसा कशाला मानला, हा प्रश्न तिच्या चाहत्यांनी टाळलेला आहे. ‘डीसीएस वर्ल्ड’ आणि ‘आयएल-२ स्टुर्मोविक’ या सिम्युलेटरांत स्पिटफायर या लढाऊ विमानातील एकेक तबकडी आणि कळ हुबेहूब उतरली आहे. तेथे यंत्र जपले जाते, माणूस नाही. त्यांच्याविषयी याहून अधिक लिहिण्याचे कारण नाही.

खरी दिशा बीबीसीच्या ‘१९४३ बर्लिन ब्लिट्झ’ या २०१८ मधील कृतीने दाखवली. सप्टेंबर १९४३ मध्ये वार्ताहर विनफर्ड वॉन-थॉमस आणि ध्वनितंत्रज्ञ रेजिनाल्ड पिड्सली यांनी लँकेस्टर या चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानातून बर्लिनवरील हल्ल्याचे जे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण केले, तेच या कृतीचा कणा आहे. प्रेक्षक विमानात बसतो, पण नियंत्रणाचा दांडा त्याच्या हाती येत नाही. सर्चलाइटचे झोत विमानाच्या दिशेने सरकतात, जर्मन लढाऊ विमान चालून येते, आणि प्रेक्षकाला फक्त पाहता व ऐकता येते. ही असहायता दोष नसून कृतीचे सर्वांत मोठे यश आहे, कारण लँकेस्टरच्या सातजणांच्या ताफ्यात विमान चालवणारा एकच असे. शेपटाकडील तोफचीला इतक्या अरुंद जागेत बसावे लागे की त्याचे पॅराशूट पाठीमागे विमानाच्या धडात ठेवलेले असे, आणि तो शून्याखालील थंडीत, विजेने तापवलेल्या पोशाखात, तासन्‌तास अंधाराकडे पाहत राही. बॉम्बर कमांड या ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागातील सुमारे १,२५,००० वायुसैनिकांपैकी ५५,५७३ मृत्युमुखी पडले; त्यांतील बहुतेकांच्या हाती दांडा कधीच नव्हता. म्हणून प्रेक्षकाला वैमानिक बनवणारी कृती कितीही देखणी असली, तरी ती इतिहासाची दिशाभूल करते.

तरीही ‘बर्लिन ब्लिट्झ’ अर्ध्यावरच थांबते. खाली जळणारे शहर तिच्यात प्रकाशाच्या ठिपक्यांपुरते उरते. जुलै १९४३ मधील हॅम्बर्गवरील हल्ल्यांत तीस हजारांहून अधिक माणसे मेली आणि मे १९४३ मध्ये रूर भागातील धरणे फोडल्यानंतर आलेल्या पुरात सक्तीच्या मजुरीवर आणलेले परदेशी कामगार शेकड्यांनी बुडाले. ज्या तंत्राला प्रेक्षकाला कोठेही बसवता येते, त्याने त्याला हल्ल्यात आसरा घेतलेल्यांच्या तळघरात किंवा कामगारांच्या छावणीत का बसवू नये? हे तंत्रामुळे अडत नाही, धैर्याअभावी अडते. आणि जोपर्यंत हवेतील खुर्ची सोडून जमिनीवरील माणसाच्या बाजूने पाहण्याचे धैर्य दाखवले जात नाही, तोपर्यंत ‘वारसा’ हा शब्द वापरण्याचा अधिकार या कलेला नाही.

भारतीयांनाही हा प्रश्न परका नाही, कारण १९४४ मध्ये मणिपूरमधील इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनची हरिकेन विमाने लढत होती. त्या लढाईचे आभासी रूप उद्या कोणी उभारले, तर त्याने विमानाच्या प्रतिकृतीआधी तेथील तंत्रज्ञांच्या, जमिनीवरील सैनिकांच्या आणि मणिपुरी गावकऱ्यांच्या साक्षी गोळा कराव्यात, आणि प्रेक्षकाच्या हाती दांडा देणे सर्वांत शेवटी ठेवावे.