जव्हारच्या आख्यायिका व लेखनापूर्वींचा विचार

जव्हार व मोखाडा या डोंगराळ मुलखाच्या इतिहासाविषयीं स्थानिक लेखक उत्साहानें लिहूं लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि हें लेखन वाचतांना एक न्यून वारंवार जाणवतें. लेखणी आधीं चालते आणि विचार मागून येतो. पुष्कळदां येतच नाहीं. एकदां छापलें गेलें तें सिद्ध झालें, असें धरून तेंच वाक्य एका पुस्तिकेंतून दुसरींत उतरतें. हें न्यून तीन उदाहरणांनीं दाखवितां येईल.

पहिलें उदाहरण संस्थानाच्या उत्पत्तिकथेचें. ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत (१८८२) ती आली आहे. मुकणे घराण्याच्या कोळी मूळपुरुषानें वारली अधिपतीकडे एका बैलाच्या कातड्यानें व्यापेल एवढी भूमि मागितली आणि मग त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून जव्हारचें ठिकाण वेढून घेतलें, अशी ही कथा. परंतु कार्थेजच्या डायडो राणीविषयीं हीच कथा व्हर्जिल या रोमन कवीनें ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत सांगितली आहे. इंग्लंडांतील हेंगिस्टाविषयीं ती बाराव्या शतकांत जेफ्री याच्या ग्रंथांत येते. देशोदेशीं हिंडणारी कथा जव्हारांत घडलेल्या प्रसंगाची साक्ष म्हणून कशी घ्यावी?

संस्कृतज्ञास येथें निराळाच मोह होतो. धर्मशास्त्रांत ‘गोचर्म’ हें भूमीचें परिमाण आहे, व भूमिदानाच्या प्रकरणीं त्याचा उल्लेख येतो. तेव्हां ‘गोचर्माएवढी भूमि’ या शब्दांचा अर्थ न कळल्यामुळें ही कथा उपजली, असें म्हणणें फार सोपें आहे. परंतु वारली व कोळी यांच्या व्यवहारांत हा शब्द रूढ होता, असें दाखविल्यावांचून तसें म्हणतां येत नाहीं. पुराव्यावांचून केलेला तर्क ही आख्यायिकेचीच धाकटी बहीण होय. शिवाय या कथेनें एक समाज भोळा व दुसरा कपटी ठरतो, आणि दोन्ही समाज आजहि याच डोंगरांत नांदत आहेत. भूमीची सत्ता एकाकडून दुसऱ्याकडे खरोखर कशी गेली, हा गंभीर प्रश्न मात्र एका चुटक्याखालीं झांकला जातो.

दुसरें उदाहरण कालगणनेचें. दिल्लीकडून ‘निमशहा’ हा किताब ५ जून १३४३ रोजीं मिळाला व तेव्हांपासून संस्थानांत नवा शक चालू झाला, असें गॅझेटियर सांगतें. तो शक तेव्हां सरकारी कागदांत चालू होता, असेंहि त्यांत नमूद आहे. त्या वर्षीं दिल्लीस महंमद तुघलखाचें राज्य होतें, एवढ्यानेंच तारीख सिद्ध होत नाहीं. ती इंग्रजी महिन्यांत दिलेली असल्यानें मुळांत कोणत्या तरी तिथीवरून अथवा हिजरी तारखेवरून काढलेली असली पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत सूर्याचा मृगप्रवेश ५ जूनच्या सुमारास होई, आणि आपल्याकडे फसली वर्ष त्याच दिवशीं बदले; चौदाव्या शतकांत मात्र मृगप्रवेश मे महिन्यांत होत असे. यावरून वर्षारंभाचा रूढ दिवसच पुढें किताबाचा दिवस मानला गेला, असा निर्णय देतां येणार नाहीं. पण हा प्रश्न मनांत न आणतां ती तारीख उतरून घेणें म्हणजे नक्कल होय, संशोधन नव्हे.

याची कसोटी कागद जमविणाऱ्यांच्याच हातीं आहे. ज्या कागदावर संस्थानी शक व शालिवाहन शक दोन्ही असतील, त्यांतील आंकड्यांची वजाबाकी करावी. जून १३४३ म्हणजे शक १२६५. तेव्हां अंतर १२६४ च्या आसपास निघालें पाहिजे. तसें निघालें तरी गणनेची पद्धत तेवढी कळेल. शक प्रत्यक्ष वापरांत केव्हांपासून आहे, हें सर्वांत जुना अस्सल कागदच सांगूं शकेल.

तिसरें उदाहरण मोखाड्याचें. आज जव्हार व मोखाडा हे २०१४ सालीं झालेल्या पालघर जिल्ह्याचे शेजारशेजारचे तालुके आहेत, म्हणून कित्येक लेखक दोहोंचा इतिहास सरसकट संस्थानाच्या नांवें लिहितात. वस्तुतः १८८२ च्या सुमारास मोखाडा हा इंग्रजी अंमलांतील शहापूर तालुक्याचा पेटा होता. जव्हार मात्र १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत संस्थान राहिलें. ज्याला हा भेद ठाऊक नाहीं, तो मोखाड्याचे महसुली कागद संस्थानच्या दप्तरांत शोधील, आणि ते न मिळाले म्हणजे तसे कागद नव्हतेच असें लिहून मोकळा होईल.

तेव्हां या मुलखाविषयीं लिहिणाऱ्यानें प्रत्येक विधानापूर्वीं तीन गोष्टी मनाशीं ठरवाव्या : हें प्रथम कोणीं सांगितलें, घटनेनंतर किती वर्षांनीं सांगितलें, आणि तें खोटें असेल तर कोणत्या कागदावरून कळेल. आख्यायिका टाकून द्यावी असें नाहीं; ती आख्यायिका म्हणूनच, सांगणाऱ्याच्या गांवासह व ऐकल्याच्या सालासह नोंदवावी. एवढा विचार केल्यानें पुस्तिका थोडी उशिरा व थोडी लहान निघेल. परंतु पुढच्या अभ्यासकास ती विसंबतां येईल.