‘चांगलं स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे काय? : ‘द कलर ऑफ लॉ’च्या निमित्तानं

आजच्या व्याख्यानाचा विषय एक पुस्तक आहे. पण सुरुवात एका प्रश्नापासून करू, कारण अमेरिकेतून ऐकणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकांनी तो कधी ना कधी विचारलेला असणार. घर कुठल्या गावात घ्यायचं? उत्तरही ठरलेलं असतं : जिथलं स्कूल डिस्ट्रिक्ट चांगलं, तिथं. न्यू जर्सीत एडिसन की वेस्ट विंडसर की प्लेन्सबरो, याची चर्चा हळदीकुंकवात होते आणि गणपतीच्या आरतीनंतर पानं मांडली की पुन्हा सुरू होते. शाळेला दहापैकी किती, घराचा भाव काय, प्रॉपर्टी टॅक्स किती, आणि मग आवाज जरा खाली आणून, ‘वस्ती कशी आहे हो?’

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं आकड्यांत मिळतात, चौथ्याचं मिळत नाही. आमचं म्हणणं असं की चौथा प्रश्न पहिल्या तिन्हींत आधीच विचारून झालेला असतो. ते कसं, हे पाहायला रिचर्ड रॉथस्टीन यांचं ‘द कलर ऑफ लॉ’ हे 2017 साली आलेलं पुस्तक फार उपयोगी पडतं. आणि ते जिथं थांबतं, तिथूनच आपला प्रश्न सुरू होतो.

आधी पुस्तक काय म्हणतं ते पाहू. अमेरिकेत गोऱ्यांच्या वस्त्या वेगळ्या आणि कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या. हे असं का? प्रचलित उत्तर असं की आपोआप झालं. लोकांना आपापल्यांत राहायला आवडतं, काहींना महाग घर परवडत नाही, काही दलाल लबाड असतात. रॉथस्टीन म्हणतात, हे आपोआप झालेलं नाही, सरकारनं केलेलं आहे. आणि त्याचे पुरावे ते एकामागून एक मांडतात.

1934 साली फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन स्थापन झालं. बँकेनं दिलेल्या गृहकर्जाचा विमा उतरवायचा, हे त्याचं काम. विमा असला की बँक कमी व्याजानं, लांब मुदतीचं कर्ज देते आणि साधा पगारदार माणूस घराचा मालक होतो. पण कृष्णवर्णीयांच्या वस्तीत किंवा तिच्या लगत असलेल्या घरांना हे खातं विमा देत नसे. मग युद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन उभं राहिलं, सतरा हजारांच्या वर घरं, किंमत आठ हजार डॉलरच्या आसपास. ती सरकारी हमीवर बांधली गेली, आणि गोऱ्यांनाच विकायची या अटीवर. त्या घरांची किंमत पुढं कित्येक पटींनी वाढली. तिच्यावर पोरं कॉलेजात गेली, म्हातारपण निभावलं, नातवंडांना काही मागं ठेवता आलं. ज्यांना ते घर घेऊच दिलं नाही, ते भाडं भरत राहिले. वर्णभेदाचे कायदे पुढं रद्द झाले, 1968 साली घरांच्या व्यवहारातला भेदभाव बेकायदा ठरला, पण ही तफावत कशी भरून येणार? रॉथस्टीन यांच्या युक्तिवादाचा गाभा हाच आहे.

पुस्तकाच्या सुरुवातीची एक हकिगत तुम्हाला जास्त जवळची वाटेल. कॅलिफोर्नियातल्या रिचमंड गावात फोर्डचा मोटार कारखाना होता. 1950च्या दशकाच्या मध्यावर तो सुमारे पन्नास मैलांवर हलला. तिथल्या गावानं लगबगीनं फ्लॅटच्या इमारतींना बंदी घालण्याचा नियम केला : घरं बांधायची तर एका कुटुंबाची, स्वतंत्र. नियमात वर्णाचा उल्लेखसुद्धा नाही. पण स्वतंत्र घरांच्या नव्या वसाहती कृष्णवर्णीयांना बंद होत्या आणि फ्लॅट तर बांधायचेच नव्हते. म्हणून रॉथस्टीन यांनी ज्याची कथा सांगितली आहे, तो कामगार निवृत्त होईपर्यंत रिचमंडहून मोटारीनं ये-जा करत राहिला. त्या दुसऱ्या गावाचं नाव मिल्पिटास. होय, सिलिकन व्हॅलीतलं मिल्पिटास, जिथं आज आशियाई वंशाची माणसं बहुसंख्य आहेत, जैन मंदिर आहे, आणि आपलीही मंडळी चांगल्या शाळा बघून घरं घेतात.

आता शाळा. अमेरिकेत सरकारी शाळा पत्त्यावरून मिळते आणि तिचा बराचसा खर्च गावच्या प्रॉपर्टी टॅक्समधून चालतो. एकट्या न्यू जर्सीत साडेपाचशेच्या वर पालिका आहेत आणि स्कूल डिस्ट्रिक्टही साधारण तितकीच. हे कुंपण सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी पक्कं झालं. 1973 साली टेक्ससमधल्या रॉड्रिग्ज खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं की श्रीमंत डिस्ट्रिक्टच्या शाळांना जास्त पैसा मिळतो म्हणून ही पद्धत घटनाबाह्य होत नाही. 1974 साली डेट्रॉइटच्या मिलिकन खटल्यात, पुन्हा पाच विरुद्ध चार, ठरलं की शहरातल्या शाळांमधली वर्णविभागणी दूर करण्यासाठी उपनगरांच्या शाळांना त्यात ओढता येणार नाही, कारण ती उपनगरांनी घडवल्याचा पुरावा नाही. न्यायमूर्ती स्ट्युअर्ट यांनी तर असं लिहिलं की डेट्रॉइटच्या शाळांत कृष्णवर्णीय मुलं का वाढली याची कारणं अज्ञात, कदाचित अज्ञेयच आहेत. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. ‘अज्ञेय’ हा शब्द कांटनं वस्तूच्या मूळ रूपाबद्दल वापरला तर आम्ही समजू शकतो. सरकारी दप्तरात लेखी आदेश पडलेले असताना तो वापरणं म्हणजे दप्तर उघडायला नकार देणं. रॉथस्टीन यांनी ते दप्तर उघडलं, हे त्यांचं मोठं काम.

आता आमचा आक्षेप. या पुस्तकाची घडण वकिली आहे. अमेरिकेच्या घटनेनुसार अन्याय सरकारनं केला असेल तरच न्यायालय भरपाईचा विचार करणार, म्हणून रॉथस्टीन यांना प्रत्येक पानावर सरकारला पकडावं लागतं. त्याचा परिणाम असा की जे सरकारी नाही ते मागं पडतं. आज शनिवारी घरं बघत फिरणारं जोडपं त्यांच्या चित्रात जवळजवळ दिसत नाही. आम्ही तर नंतर आलो, आमचा काय दोष, या प्रश्नाला शेवटच्या प्रश्नोत्तरांत ते उत्तर देतात. या देशाचं स्वातंत्र्य आपलं म्हणून साजरं करता, मग त्याचं देणंही आपलं माना, अशा आशयाचं. उत्तर योग्य आहे, पण ते जुन्या कर्जाबद्दल आहे. आम्ही विचारतो ते आजच्या कृतीबद्दल.

इथं थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाची आठवण होते. 1971 साली त्यांनी एक साधा खेळ मांडला. पटावर दोन प्रकारच्या सोंगट्या आहेत. प्रत्येक सोंगटीची मागणी एवढीच की माझ्या शेजाऱ्यांपैकी एक तृतीयांश तरी माझ्यासारखे असावेत. द्वेष कुणाच्याच मनात नाही. तरीही सोंगट्या हलत हलत शेवटी पटावर दोन्ही प्रकारांचे बऱ्याच अंशी वेगवेगळे पुंजके होतात. रॉथस्टीन यांच्या वाचकाला हे सरकारची सुटका करणारं वाटेल. पण आमच्या मते दोन्ही खरं आहे. पट सरकारनं आखला, चौकोन सरकारनं रंगवले. त्या पटावर सोंगट्या हलवतो ते आपण, आणि ‘चांगली शाळा’ हे हलवण्याचं कारण.

हे कारण जरा तपासून पाहू. शाळेला दहापैकी नऊ मिळतात ते बऱ्याच अंशी मुलांच्या परीक्षेतल्या गुणांवरून. आणि मुलांचे गुण आईबापांच्या उत्पन्नाशी आणि शिक्षणाशी घट्ट जोडलेले असतात. म्हणजे तो नऊचा आकडा शिक्षक कसे आहेत हे थोडं सांगतो आणि शेजारी कोण राहतं हे जास्त. पुढं चक्र असं चालतं : आकडा चांगला म्हणून घरं महाग, घरं महाग म्हणून सुशिक्षित आणि पैसेवालेच तिथं येणार, ते आले म्हणून आकडा चांगला. यात वर्णाचं नाव कुणालाच घ्यावं लागत नाही. ‘वस्ती कशी आहे’ हा प्रश्न आकड्यांत आधीच विचारला गेलेला असतो, असं आम्ही म्हणालो ते यामुळं.

आपल्या लोकांची जागा या पटावर मोठी चमत्कारिक आहे. 1923 साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं भारतीयांना ‘गोरे’ मानायला नकार दिला, म्हणजे नागरिकत्वाचं दार बंद. अमेरिकेत येण्याचं दार खरं उघडलं 1965च्या कायद्यानं, आणि तो कायदा ज्या वातावरणात झाला ते कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीनं तयार केलं होतं. त्या दारातून आपण पदव्या घेऊन आत गेलो आणि कुंपणाच्या बऱ्या बाजूला जागा मिळवली. त्यात अपराध नाही. पण या पुस्तकाला ‘त्यांचा इतिहास’ म्हणून बाजूला ठेवणं आपल्याला शोभत नाही.

इथल्या श्रोत्यांनीही निवांत बसू नये. 1917 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं वर्णावरून वस्त्या वाटणारे पालिकांचे नियम रद्द केले. त्याच साली लंडनहून परतलेले बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू झाले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाला पारशी वसतिगृहातून बाहेर काढलं गेलं. 1948 साली अमेरिकेत ठरलं की ठरावीक वर्णाला घर न विकण्याचे खाजगी करार न्यायालयं अमलात आणणार नाहीत. आणि 2005 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा उपविधी ग्राह्य धरला. एका छोट्या समाजाला टिकून राहण्याची काळजी वाटते हे आम्ही समजतो. पण ‘आपल्यातलीच माणसं हवीत’ हे वाक्य आपल्या सोसायट्यांत काळजीपोटी किती वेळा बोललं जातं आणि जातीपोटी किती वेळा, हे ज्यानं त्यानं मनाशी पाहावं. आपल्याकडं शाळा पत्त्याला बांधलेली नाही, फीला बांधलेली आहे, इतकाच फरक.

मग तुम्ही म्हणाल, सर, आम्ही मुलांना मुद्दाम वाईट शाळेत घालायचं का? नाही. आपल्या मुलाचं भलं पाहणं हा आईबापांचा धर्म आहे, आणि एकट्या कुटुंबाच्या त्यागानं पट बदलतही नाही. आयरिस मॅरियन यंग या तत्त्वज्ञ बाईंनी दोष आणि जबाबदारी यांत फरक केला आहे, तो इथं कामाचा आहे. दोष मागं पाहतो, गुन्हेगार शोधतो. जबाबदारी पुढं पाहते : ज्या व्यवस्थेत माझा रोजचा व्यवहार भर घालतो, ती बदलण्यात माझा वाटा कोणता?

हा वाटा नेमका कुठं, याचं उत्तर न्यू जर्सीतच आहे. 1975 साली आणि पुन्हा 1983 साली माउंट लॉरेल गावाच्या खटल्यात तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पालिकांना जमिनीचे नियम वापरून गरिबांना बाहेर ठेवता येणार नाही, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आपल्या वाट्याची घरं होऊ दिली पाहिजेत. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला : गुन्हे वाढतील, घरांचे भाव पडतील, कर वाढेल. शेवटी घरं झाली. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी अभ्यास करून 2013 साली पुस्तक लिहिलं. आसपासच्या तशाच गावांशी तुलना केल्यावर यातली एकही भीती खरी ठरल्याचं दिसलं नाही. तिथं राहायला आलेल्या कुटुंबांचं मात्र भलं झालं.

रॉथस्टीन यांनीही पुढं 2023 साली लेकीबरोबर ‘जस्ट अ‍ॅक्शन’ लिहून गावपातळीवर काय करता येईल हे मांडलं, म्हणजे पहिल्या पुस्तकातली उणीव त्यांनाही जाणवली असावी. पण ‘द कलर ऑफ लॉ’ वाचायलाच हवं. वाचून झाल्यावर मात्र फक्त सरकारकडं बोट दाखवून उठू नये. घर कुठल्या गावात घ्यायचं ते तुम्ही ठरवा, त्यात आम्ही सल्ला देणार नाही. पण तुमच्या गावच्या प्लॅनिंग बोर्डापुढं फ्लॅटच्या इमारतींचा प्रस्ताव येईल, आणि आपल्यातलंच कुणीतरी ‘शाळेचा दर्जा घसरेल हो’ म्हणून विरोधाच्या अर्जावर सही मागायला दाराशी येईल. तेव्हा मिल्पिटासचा तो नियम आठवा. त्यातही वर्णाचा उल्लेख नव्हता.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.